ओळखीचा माणूस

धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ च्या रविवारी आठवडे बाजार भरला होता. त्या बाजारात पाच परके पुरुष दिसले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हाच त्यांच्या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा पोटापाण्याचा मार्ग. त्याआधीचे काही आठवडे धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात मोबाइलवर एकच बातमी फिरत होती : मुलं पळवणारी टोळी आली आहे. कुणीतरी संशय घेतला, चार जण जमले, चारांचे चाळीस झाले. मारहाण सुरू झाल्यावर त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं गेलं. जमाव तिथेही घुसला आणि पाचही जणांचा जीव गेला.

ज्या खोलीत गावातल्या जन्ममृत्यूची वही असते, त्या खोलीत हे घडलं. त्याच महिन्यात, १७ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात झुंडबळींबाबत निर्देश दिले आणि प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमायला सांगितलं. तो खटला आधीपासून चालू होता, निमित्त वेगळं होतं, पण धुळे जिल्ह्याच्या जखमेवर तेव्हा खपलीही धरली नव्हती.

माणसांच्या चोरट्या व्यापाराबद्दल लिहायचं तर राईनपाड्यापासूनच सुरुवात करावी लागते, कारण खानदेशात या गुन्ह्याची भीती आणि प्रत्यक्ष गुन्हा या दोन गोष्टी वेगवेगळ्या दिशेने चालतात. भीती परक्याकडे बोट दाखवते. गुन्हा करणारा मात्र बहुतेक वेळा गावच्या पारावर बसून चहा पिणारा असतो. त्याला घरात ‘दादा’ म्हणतात. तो अडीनडीला पैसे देतो.

खानदेशाचा नकाशा पाहिला की इथे माणसांची ये-जा किती सोपी आहे ते कळतं. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. सोलापूरकडचा रस्ताही तिथूनच निघतो. शिरपूरच्या पुढे पळासनेर ओलांडलं की मध्य प्रदेशातलं सेंधवा. भुसावळला मुंबईकडून आलेला लोहमार्ग फुटतो. एक फाटा खंडवा-इटारसीकडे, दुसरा नागपूरकडे. सुरतेचा मार्ग अमळनेर, धरणगाव करत जळगावात येऊन मिळतो. उत्तरेकडून मुंबई-पुण्याला जाणाऱ्या कितीतरी गाड्या भुसावळवरून जातात आणि प्रत्येक गाडीच्या जनरल डब्यात कामाच्या शोधात निघालेली पोरं असतात. रेल्वे सुरक्षा दलाची ‘नन्हे फरिश्ते’ आणि ‘आहट’ ही अभियानं याच डब्यांवर लक्ष ठेवण्यासाठी आहेत.

३० मे २०२३ रोजी दानापूरहून पुण्याला निघालेल्या गाडीत असेच मुलांचे घोळके होते. मुलांना बेकायदा नेलं जात असल्याची खबर वरून आली होती. भुसावळला २९ आणि मनमाडला ३० अशी ५९ मुलं उतरवून घेतली. बहुतेक बिहारच्या अररिया जिल्ह्यातली, सांगलीच्या मदरशात शिकायला निघालेली. सोबतच्या पाच जणांवर भारतीय दंडविधानाच्या कलम ३७० खाली, म्हणजे मानवी व्यापाराचा, गुन्हा नोंदवला गेला. बातम्या झळकल्या, चर्चा रंगल्या. मुलं बारा दिवस नाशिक आणि जळगाव जिल्ह्यांतल्या बालगृहांत राहिली आणि मग परत बिहारला पाठवली गेली. त्या पाच जणांनी तुरुंग पाहिला. पुढे लोहमार्ग पोलिसांनी अररियात जाऊन चौकशी केली आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयाला कळवलं की हा मानवी व्यापार नव्हता, गैरसमजातून गुन्हा दाखल झाला होता. खटला बंद झाला. तो बंद झाल्याची बातमी उघडण्याच्या बातमीच्या दशांशानेही फिरली नाही.

गाडी थांबवली हे चुकलं, असं मी म्हणणार नाही. ५९ मुलं आणि सोबत पाच माणसं, हे दृश्य पाहून कोणत्याही जबाबदार शिपायाने विचारपूस करायलाच हवी. प्रश्न त्यानंतरचा आहे. मानवी व्यापाराच्या गुन्ह्याला नुसती वाहतूक पुरत नाही, शोषणाचा हेतू लागतो. तो हेतू आहे की नाही हे फलाटावर कळत नाही. ते मुलाच्या घरी कळतं, त्याच्या पंचायतीत कळतं, तिथल्या शाळेच्या हजेरीपटावर कळतं. बाल न्याय कायदा सामाजिक तपासणी अहवाल मागतो तो यासाठीच. बाल कल्याण समितीपुढे चोवीस तासांत मूल हजर करायचं, हा नियम आपल्या यंत्रणेच्या अंगवळणी पडला आहे. मुलाच्या गावी पहिल्याच दिवशी फोन लावायचा, ही सवय अजून पडलेली नाही. इथून अररियाला पोलीस पोहोचेपर्यंत पाच माणसांची अब्रू गेली होती. गंमत अशी की ज्या गाडीतून त्या मुलांना उतरवलं, तशाच गाड्यांतून बांगड्यांच्या आणि जरीच्या कारखान्यांत राबायला खरोखर नेली जाणारी मुलंही जातात. ती दोन-दोन, तीन-तीनच्या गटाने जातात. सोबतचा माणूस त्यांचा मामा असतो, निदान तसं सांगतो तरी.

खुद्द जळगावलाही ओळखीच्या माणसाचा धडा एकदा फार कडू मिळाला होता. १९९४ साली या शहराचं नाव देशभर गाजलं ते केळीमुळे किंवा सोन्यामुळे नव्हे. मुलींना जाळ्यात ओढायचं, छायाचित्रांचा धाक घालायचा आणि त्यांचं शोषण करायचं, असा प्रकार उघड झाला आणि आरोपींत नगरपालिकेच्या राजकारणात वावरणारी, शहरात मान असलेली नावं निघाली. मीरां चढ्ढा-बोरवणकर यांच्यासारख्या अधिकारी तपासात होत्या, विशेष न्यायालय बसलं, तरीही अनेक मुली पुढे आल्याच नाहीत. खालच्या न्यायालयातल्या काही शिक्षा उच्च न्यायालयात टिकल्या नाहीत. तक्रार करायची ती कुणाविरुद्ध? ज्याच्या घरावरून रोज कॉलेजला जायचं, त्याच्याविरुद्ध.

ऊसतोडीतही हा ओळखीचा माणूस असतो, तिथे त्याला मुकादम म्हणतात. दसरा-दिवाळी झाली की साक्री, नवापूर, शिरपूरच्या पाड्यांवरून आणि चाळीसगावकडच्या तांड्यांवरून घरंच्या घरं उठतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयत्याला मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे. ती पावसाळ्यातच घेतलेली असते, कारण आषाढ-श्रावणात आदिवासी घरात धान्य संपतं आणि दवाखाना, लग्न, बियाणं सगळं एकदम अंगावर येतं. शासनालाही हे ठाऊक आहे. खावटी कर्जाची योजना त्यासाठीच निघाली होती. २०२० मध्ये तिचं खावटी अनुदान झालं, कुटुंबामागे ४ हजार रुपये, त्यातले २ हजार धान्या-किराण्याच्या रूपात. ती मदत एका वर्षापुरती होती. मुकादम दरवर्षी येतो.

यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बारडोलीच्या साखर कारखान्यांच्या परिसरात राहून खानदेशातून आलेल्या ऊसतोड्यांचा अभ्यास केला. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या नंदुरबारसकट, हजारो माणसं तिकडे जात. बारडोलीत स्वतःचे हळपती मजूर बसलेले असताना कारखान्यांना खानदेशचा माणूस का हवा होता, हा ब्रेमनचा खरा प्रश्न होता. उत्तर मजुरीच्या दरात कमी आणि परकेपणात जास्त सापडलं. बाहेरचा माणूस पडावावर राहतो, रात्री-अपरात्री ट्रक आला की उठतो, त्याला तिथे गाव नाही, भाऊबंद नाहीत, भांडायला पुढारी नाही. हिशेब हंगाम संपल्यावर. मधल्या काळात खायला दिलेले पैसेही उचलीत जमा होत राहतात. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर पुढच्या वर्षाचा कोयता आत्ताच ठरला.

याला गुलामी म्हणायचं का? लोक म्हणत नाहीत. ‘पैसे घेतलेत, फेडायला नकोत का?’ हा प्रश्न मुकादमाचा नसून मजुराचाच असतो, आणि म्हणूनच हा व्यवहार इतका टिकाऊ आहे. कायदा मात्र पन्नास वर्षांपूर्वीच वेगळं बोलला आहे. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने कर्जापोटी राबवून घेणं रद्दबातल ठरवलं, असं कर्जही संपवलं. १९८२ च्या एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करणं म्हणजे सक्तीचं श्रम, असा राज्यघटनेच्या २३ व्या कलमाचा अर्थ लावला. २०१३ च्या दुरुस्तीने कलम ३७० मध्ये आणखी एक मोलाची गोष्ट आली : पैशाच्या किंवा अधिकाराच्या जोरावर माणसाला शोषणासाठी नेलं असेल, तर त्याची संमती होती की नव्हती याला महत्त्व नाही. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे. मुकादमाचा कागद आणि त्यावरचा अंगठा यांची किंमत न्यायालयात शून्य होऊ शकते. ट्रकमध्ये बसलेल्या बाईला हे कुणी सांगितलेलं नसतं.

वेठबिगार निर्मूलन कायद्याचा कणा जिल्हाधिकारी आहे. दक्षता समिती जिल्ह्याला एक, उपविभागाला एक. वेठबिगार सापडला की उपविभागीय दंडाधिकाऱ्याने मुक्तीचं प्रमाणपत्र द्यायचं, आणि त्या एका कागदावर पुढचं सगळं उभं राहतं. २०१६ च्या केंद्रीय पुनर्वसन योजनेनुसार पुरुषाला १ लाख रुपये, स्त्रिया आणि मुलांना २ लाख, अतिशोषणाच्या प्रकरणांत ३ लाख. तातडीची मदत आधी २० हजार होती, पुढे ३० हजारांपर्यंत वाढली. मोठी रक्कम आरोपीच्या शिक्षेशी जोडलेली आहे, म्हणजे खटला रेंगाळला की पैसाही रेंगाळला. पण प्रमाणपत्र निघतच नाही, त्याचं कारण मला पैशात दिसत नाही. प्रमाणपत्र देणं म्हणजे आपल्या जिल्ह्यात वेठबिगारी आहे हे सहीनिशी मान्य करणं. मजुराची सुटका झाली, त्याला गाडीभाडं देऊन घरी पोहोचवलं, एवढ्यावर प्रकरण ‘समन्वयाने’ मिटवलं की सगळेच सुखी. मुकादम तर सगळ्यांत सुखी, कारण बाकी उचल त्याच्या वहीत तशीच राहते.

आता दुसरा व्यवहार, ज्याला लग्नाचा मंडप असतो.

२०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८४२ मुली निघाल्या. २००१ मध्ये त्या ८८० होत्या. राज्यात बीडची चर्चा झाली, पण केळीच्या पैशाने पुढारलेला, शिकलेला, सोनोग्राफीची यंत्रं परवडणारा जळगाव त्याच रांगेत पुढे उभा होता. त्याचं फळ आता गावोगाव दिसतं. पस्तिशीतले शेतकरी मुलगे, चांगलं घर, ठिबकवरची बाग आणि पोरगी मिळत नाही. मग मध्यस्थ येतो. तो सातपुड्यापलीकडची, विदर्भातली, कधी छत्तीसगड-ओडिशातली मुलगी दाखवतो आणि रक्कम सांगतो. देवळात हार घातले की लग्न. काही वेळा मुलगी चार दिवसांत दागिने घेऊन पसार होते आणि वर्तमानपत्रात ‘लुटेरी दुल्हन’ छापून येतं. आपण हसून पान उलटतो. मुलगी पळाली नाही तर बातमी होत नाही. तिचं वय काय, तिला कुणी किती पैशांत आणलं, तिला परत जायचं आहे का, हे विचारायला कुणी जात नाही, कारण लग्न झालेलं आहे आणि लग्न ही घरातली बाब आहे.

उलट दिशेनेही रस्ता चालू आहे. चोपडा, यावल, शिरपूरच्या वरच्या पाड्यांवरच्या मुली गुजरातेत, राजस्थानात लग्नाच्या नावाने दिल्या जातात. महिनाभराने शाळेतल्या बाईंनी विचारलं की उत्तर तयार असतं : पोर मामाना गावले गयी. बापाला पन्नास-साठ हजार मिळालेले असतात आणि ते दवाखान्यात गेलेले असतात. विकत घेणारा आणि विकणारा, दोघंही एकाच जिल्ह्यात राहतात हे या विषयातलं खानदेशचं वेगळेपण. बागायती गावात मुलींची टंचाई, डोंगराळ गावात पैशाची टंचाई, आणि दोन्ही टंचाया जोडून देणारा एक ओळखीचा माणूस.

२०११ मध्ये मोजलेली ती मुलं आता तरुण होत आहेत. हजारामागे दीडशेहून अधिक मुलींची तूट असलेली ही पिढी येत्या दहा वर्षांत लग्नाला उभी राहील. पोलिसांच्या अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षांनी कितीही छापे घातले तरी ही तूट त्यांच्या वहीत भरून निघणार नाही. जिल्हा नियोजन समित्यांत रस्ते आणि सभामंडपांवर तावातावाने बोलणारे कोणी या आकड्यावर बोलले तर मला वाचायला आवडेल.

आणि लग्नाच्या नावाने विकल्या गेलेल्या मुलींपैकी काहींचा प्रवास देहविक्रयाच्या वस्तीत संपतो. अमळनेरचा गांधलीपुरा ही अशी वस्ती इथे सर्वांना माहीत आहे. कोविडच्या काळात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना शिधा आणि राज्य सरकारकडून मासिक ५ हजार रुपये द्यायचे ठरले, तेव्हा सरकारी कागदावर या स्त्रिया लाभार्थी म्हणून उमटल्या. एरवी त्यांचा उल्लेख छाप्याच्या बातमीत. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा १९५६ चा. त्यात कुंटणखाना चालवणाऱ्याला आणि दलालाला शिक्षा आहे, पण सुटका झालेल्या बाईला सुधारगृहात ठेवण्याचीही तरतूद आहे, आणि सुटका व कैद यांतला फरक तिथे पुसट होतो. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी अशा तीन सज्ञान स्त्रियांना त्यांच्या इच्छेविरुद्ध ठेवता येणार नाही, असा निकाल दिला. अल्पवयीन मुलीची गोष्ट निराळी, तिथे दुमत नको. पण तिशीतल्या बाईला ‘वाचवून’ कुलपात ठेवायचं आणि जिने तिला सोळाव्या वर्षी आणून विकलं ती मावशी जामिनावर बाहेर, असं होत असेल तर छाप्याच्या आकड्यांवर टाळ्या वाजवायला हात वर होत नाहीत.

मग गावाच्या हातात काय आहे? कागदावर पाहिलं तर पुष्कळ आहे. ग्रामसेवक, ज्यांना २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी हे भारदस्त नाव मिळालं, जन्माची नोंद ठेवतात. विवाहनोंदणीही १९९८ च्या कायद्याखाली तेच करतात. गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही तेच. म्हणजे मुलगी कधी जन्मली, तिचं लग्न कधी झालं आणि ते व्हायला हवं होतं की नाही, या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या टेबलावर आहेत. शिवाय प्रत्येक गावाला ग्राम बाल संरक्षण समिती आहे. अध्यक्ष सरपंच, सदस्य सचिव अंगणवाडी सेविका. स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवायला महिला व बालविकास खात्याने मोबाइल अ‍ॅपही आणलं आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांत पेसा कायदा ग्रामसभेला सावकारीवर नियंत्रणाचा अधिकार देतो आणि पावसाळ्यातली उचल ही सावकारी नाही तर दुसरं काय? पळासनेरच्या नाक्यापलीकडे मध्य प्रदेशाने नोव्हेंबर २०२२ च्या पेसा नियमांत आणखी स्पष्ट लिहिलं की मजुरांना गावाबाहेर नेणाऱ्याने ग्रामसभेला माहिती द्यायची. आपल्याकडच्या सरपंचांनी तेवढी ओळ उचलायला हरकत नव्हती.

अडचण ओळखीची आहे. अंगणवाडी सेविकेला मुकादमाचं नाव ठाऊक असतं, कारण तो तिचा दीर असतो किंवा शेजारी. लग्न थांबवायचं तर ग्रामसेवकाला ज्या घरी पाणी प्यायला मिळतं त्याच घरावर पोलीस आणावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच गावात घरपट्टी वसूल करायला जावं लागतं. त्याच्याकडे सहसा दोन-तीन गावं असतात, संरक्षण कुठलंच नसतं. समितीची सभा कागदावर होते, सह्या घरोघर जाऊन घेतल्या जातात. या माणसांना दोष देऊन काही साधत नाही. ओळखीच्या माणसाविरुद्ध ओळखीच्याच माणसाने उभं राहायचं, अशी रचना आपण केली आहे आणि त्यांच्या पाठीशी मात्र कुणी उभं नाही.

म्हणून माझ्या मते काम तक्रारीवर अवलंबून ठेवू नये, नोंदीवर ठेवावं. तक्रार करायला धाडस लागतं, नोंद करायला फक्त नियम लागतो. पाड्यावरून निघालेल्या प्रत्येक कोयत्यामागे मुकादमाचं नाव, त्याचा मोबाइल, कारखान्याचं नाव, उचलीची रक्कम, सोबत जाणारी मुलं, त्यांची शाळा, एवढं लिहून ग्रामसभेत वाचायचं. यात कुणावर आरोप नाही, त्यामुळे ग्रामसेवकाला कुणाशी भांडावं लागत नाही. मुकादमालाही ते नाकारणं अवघड जातं, कारण नाकारलं तर संशय त्याच्यावरच येतो. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदाराचा परवाना आणि मजुराचं पासबुक बंधनकारक केलं होतं, म्हणजे विचार नवा नाही. फरक इतकाच की ती वही ठेकेदाराकडे असायची आणि इथे ती गावाकडे असेल. जळगावच्या एखाद्या पोलीस ठाण्यात गुजरातेतून फोन आला, की एक बाई रडत सांगते आहे, पण तिला आपल्या गावाचं नावही धड सांगता येत नाही, तर त्या वहीतल्या एका ओळीने तिचं घर सापडू शकतं. उद्या भुसावळच्या फलाटावर पन्नास मुलं उतरवली, तर त्यांच्या पंचायतीकडून दोन तासांत खरंखोटं कळू शकतं.

यासाठी वेगळा पैसा मागत फिरण्याचीही गरज नाही. वेठबिगार पुनर्वसनाच्या योजनेतच संवेदनशील जिल्ह्याला दर तीन वर्षांनी सर्वेक्षणासाठी साडेचार लाख रुपये मिळण्याची सोय आहे, आणि जिल्हाधिकाऱ्याच्या हाताशी किमान १० लाखांचा कायमचा निधी ठेवायला सांगितलं आहे. अट एकच : ते सर्वेक्षण जानेवारीत करून उपयोग नाही. तेव्हा पाड्यांवर म्हाताऱ्या आणि कुत्री उरतात. ते जून ते ऑगस्टमध्ये व्हायला हवं, उचल वाटली जात असताना.